बंदुकीचा भरवसा आणि मराठी शब्दांची साक्ष : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१

दख्खनच्या शस्त्रेतिहासाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच किल्ले, तोफखाना आणि लढाया यांकडे वळते. शिकारीची बंदूक हा विषय त्यामानाने गौण ठरतो. वस्तुतः एखादे हत्यार कितपत भरवशाचे आहे या प्रश्नाची खरी कसोटी रणांगणापेक्षा शिकारीतच अधिक लागते. रणांगणावर शेकडो बंदुका एकदम झाडल्या जातात. त्यांपैकी काही न उडाल्या तरी फळीचा मारा चालू राहतो. शिकाऱ्याच्या हाती एकच बंदूक असते, सावज क्षणभर दिसते, आणि तेवढ्यात बार फुकट गेला तर सावज जाते किंवा अंगावर येते. चुकीचा हिशेब जागच्या जागी होतो. म्हणून बंदुकीच्या यंत्रणेत झालेल्या प्रत्येक फेरफाराचे मोल शिकाऱ्याच्या अनुभवावरून आणि त्याच्या बोलण्यातून अधिक स्पष्टपणे कळते.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न परभणी जिल्ह्याच्या संदर्भात आणि मुख्यतः शब्दांच्या साक्षीने तपासावयाचा आहे. परभणी येथे जुन्या अर्थाने घेतली आहे. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता; १९५६ साली तो मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन आणि उत्तरेकडील जिंतूरचे डोंगर असा हा मुलूख आहे. ज्वारीच्या रानात हरीण, काळवीट, रोही व रानडुक्कर, आणि माळावर तितर व लावा, हे येथील जुने सावज होय. तोड्याच्या बंदुकीपासून काडतुसाच्या दुनळीपर्यंत बंदुकीच्या बहुतेक अवस्था या भागाच्या भाषेत उमटल्या आहेत. अखेरची अवस्था मात्र उमटली नाही. ती म्हणजे एक बार उडताच दुसरे काडतूस आपोआप चढविणारी अर्ध-स्वयंचलित बंदूक, आणि तिच्यातील जडत्वावर चालणारा प्रकार. ती का उमटली नाही, हाही या लेखाचाच विषय आहे.

२

प्रथम शब्दांची छाननी करू. या क्षेत्रातील मूळ शब्द ‘पारध’ हा आहे. संस्कृत ‘पापर्द्धि’, प्राकृत ‘पारद्धि’ आणि मराठी ‘पारध’ अशी त्याची परंपरा सांगितली जाते. पारध करणारा तो पारधी. आणि त्यांतही फास लावून सावज धरणारा तो फासेपारधी. फासेपारध्याच्या विद्येत बंदुकीला स्थान नव्हते. फास, जाळे आणि बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकण्याचे कसब यांवर ती उभी होती. ‘शिकार’ हा फारसी शब्द दरबारी व्यवहाराबरोबर आला आणि पुढे बंदुकीशी जोडला गेला. पारध आणि शिकार हे शब्द आज समानार्थी वाटतात. परंतु त्यांच्यामागे दोन वेगळे समाज आणि दोन वेगळी साधने उभी आहेत.

बंदुकीच्या शब्दसंग्रहात तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर अरबी, तुर्की व फारसी भाषांचा. ‘बंदूक’ या शब्दाचे मूळ अरबीत असून त्याचा जुना अर्थ एका कवचीच्या फळाचा. त्यावरून गलोलीचा गोटा आणि पुढे गोळी झाडणारे हत्यार असा अर्थविस्तार झाला. ‘तोफ’ या शब्दाच्या मुळाशी तुर्कीतील गोळा आहे. ‘दारू’ म्हणजे फारसीत औषध. मराठीत तो शब्द स्फोटक चूर्णालाही लागला आणि मद्यालाही. ‘बरकंदाज’ म्हणजे शब्दशः वीज फेकणारा. दुसरा थर पोर्तुगीजांचा. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पश्चिम किनाऱ्यावरून देशावर चढले. तिसरा थर देशी शब्दांचा : नळी, कान, घोडा, चाप, तोडा, ठासणी, टोपी, गोळी, छर्रा.

या थरांची वाटणी लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. संपूर्ण हत्याराचे किंवा बाहेरून तयार येणाऱ्या मालाचे नाव बहुधा परकीय आहे. ज्या अवयवांना हात लावावा लागतो, जे साफ करावे लागतात आणि जे ऐन वेळी दगा देतात, त्यांची नावे बहुधा देशी आहेत. नळीच्या मागील बाजूस जे बारीक छिद्र असते त्याला ‘कान’ म्हणत. तोफ निकामी करावयाची तर तिच्या कानात खिळा ठोकीत. दारू नळीत दडपून बसविण्याची सळई ती ‘ठासणी’, आणि तीवरून संपूर्ण हत्यारालाच ‘ठासणीची बंदूक’ हे नाव पडले. हा नियम नव्हे, कल आहे. तोड्याला ‘जामगी’ असा फारसी पर्यायही प्रचारात होता. तथापि कल पुरेसा स्पष्ट आहे. शिवकाळात रघुनाथ पंडिताने ‘राज्यव्यवहारकोश’ रचला तेव्हा त्यात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवून फारसी नावांना संस्कृत प्रतिशब्द योजले होते. लोकांच्या तोंडी मात्र बंदूक व तोफ हेच शब्द टिकले. हत्याराचे नाव कोशकार बदलू पाहतो. त्याच्या अवयवांची नावे वापरणारा माणूस स्वतःच ठेवतो, आणि ती त्याच्या अडचणीतून निघतात.

३

या अडचणींचे स्वरूप कसे होते ते पाहू. तोड्याच्या बंदुकीत सुताची पेटती वात, म्हणजे तोडा, एका वाकड्या दांडीत अडकविलेला असे. खालची कळ दाबली की दांडी झुकून तोडा कानाजवळच्या खळग्यातील बारीक दारूस, म्हणजे ‘रंजके’स, लागे, तेथील जाळ कानातून आत जाऊन मुख्य बार उडे. हा मार्ग चार ठिकाणी तुटू शके. तोडा विझला, रंजक ओली झाली, कान काजळीने बुजला अथवा आतील दारू दमट निघाली, तर वर नुसता भडका उडे आणि बार आत राही. आज एखाद्याची मोठी घोषणा फोल ठरली म्हणजे आपण ‘फुसका बार’ म्हणतो. बारूदकामाच्या ज्या जगातून ही बोली आली, त्यात अशा अपयशाची खंत रोजची होती. बार यशस्वी झाल्याचेही वाक्प्रचार आहेत. लग्न एकदाचे पार पडले की ‘बार उडवून दिला’ असे म्हणतात, आणि त्यात कार्य निर्विघ्न उरकल्याचा जो सुस्कारा आहे, तो बार उडेलच अशी खात्री नसल्यामुळेच अर्थपूर्ण ठरतो.

असे असताही हिंदुस्थानात तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकात पुष्कळ काळपर्यंत वापरात राहिली, चकमकीची बंदूक उपलब्ध असूनही राहिली. याचे स्पष्टीकरण अनेकदा मागासलेपणा या एका शब्दात दिले जाते. प्रस्तुत लेखकास ते ग्राह्य वाटत नाही. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसवितात. तो पोलादावर आपटून ठिणगी पडते. यासाठी दोन गोष्टी लागतात : पाणी दिलेल्या पोलादाची चांगली कमान आणि एकसारखी ठिणगी पाडणारी गार. इंग्रज फौजेला गारेचे तुकडे सफोक परगण्यातील ब्रँडनसारख्या ठिकाणच्या खडूच्या खडकातून मिळत. दख्खनच्या काळ्या पाषाणात तशी गार सापडत नाही. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक सापडतात, परंतु त्यांचे तुकडे तशा घाटाचे आणि तशा एकसारख्या धारेचे पाडणे कठीण. कमान मोडली तर ती नव्याने घडविणे खेड्यातील लोहाराच्या आवाक्याबाहेरचे होते. तोड्याच्या बंदुकीत मात्र कळ आणि दांडी यांपलीकडे यंत्र असे थोडेच होते. ती गावातच दुरुस्त होई, आणि घोडा आपटण्याचा हिसका नसल्याने नेमही ढळत नसे. कोरड्या दिवसांत पेटता तोडा हा ठिणगीपेक्षा अधिक खात्रीचा अग्नी होता.

तात्पर्य, ज्या माणसाच्या मागे पुरवठ्याची सरकारी व्यवस्था होती त्याला चकमक भरवशाची, आणि ज्याच्या मागे फक्त गावचा लोहार होता त्याला तोडा भरवशाचा. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. बंदुकीचा भरवसा यंत्रात किती आणि यंत्राभोवतीच्या व्यवस्थेत किती, हा भेद इतिहासकाराने केला नाही तर निष्कर्ष चुकतो.

४

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेचे स्वरूप पालटले. १८०७ साली स्कॉटलंडमधील फॉर्साइथ या धर्मोपदेशकाने आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाच्या उपयोगाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची लहानशी टोपी निघाली. ही टोपी कानावरील चुचीवर बसवावयाची आणि घोडा तीवर आपटावयाचा. रंजक, तोडा आणि गार या तिन्हींची गरज संपली. पावसाळ्यातही बार उडण्याची पुष्कळ खात्री झाली. मराठीने या साधनाला ‘टोपी’ हेच घरगुती नाव दिले. दिवाळीत मुले खेळण्यातील पिस्तुलात ज्या टिकल्या वाजवितात, त्या याच टोपीच्या वंशातील होत.

हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक ठाणे होते. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. छावणी ही जशी मालाची तशीच शब्दांचीही पेठ असते. पलटण, कवाईत, रायफल, काडतूस यांसारखे शब्द या परिसरात रुळण्यास छावणीचे सान्निध्य कारण झाले असावे असा तर्क करण्यास जागा आहे. दुसरा मार्ग हैदराबादच्या दरबाराचा. सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९–१९११) शिकारीबद्दल प्रसिद्ध होते, आणि त्यांच्या दरबाराची छायाचित्रे लाला दीनदयाळ यांनी टिपली आहेत. मागून काडतूस भरावयाची दुनळी बंदूक ही त्या वर्गाची खूण ठरली. खेड्यात मात्र ठासणीचीच बंदूक राहिली.

काडतुसाने टोपी, दारू आणि छरा एका पुडक्यात बांधले. त्यामुळे शिकाऱ्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका कारखान्याकडे गेल्या. परंतु छऱ्याच्या बंदुकीची काडतुसे दीर्घकाळ जाड कागदाची असत. दमट हवेत ती फुगत आणि नळीत बसत नसत. दुनळीत हा दोष सोसता येई, कारण काडतूस हाताने घालावयाचे असते. फुगलेले बोटांना कळते आणि बाजूला टाकता येते. शिवाय एक नळी फसली तर दुसरी तयार असते. दुनळीचा भरवसा हा अशा रीतीने दुहेरीपणाचा भरवसा होता.

५

यापुढील पायरी आपोआप भरणाऱ्या बंदुकीची. अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग याने १९०० साली पेटंट घेतलेली छऱ्याची बंदूक बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. तिच्यात बार उडताच नळी आणि मागील बोल्ट दोन्ही एकत्र मागे सरकत, नंतर नळी पुढे येई आणि रिकामे काडतूस बाहेर पडे. बार हलका की भारी याप्रमाणे घर्षणाची कडी निराळ्या क्रमाने बसवावी लागत. चुकीची बसविली तर बंदूक अडे किंवा तिला अवाजवी हिसके बसत. दुसरा मार्ग नळीतील जळलेल्या वायूचा थोडा अंश बाजूला घेऊन त्याने दट्ट्या ढकलण्याचा. त्यात धक्का सौम्य होतो. पण काजळीही यंत्रात शिरते आणि वारंवार साफसफाई करावी लागते.

तिसरा मार्ग जडत्वाचा. स्वीडनच्या स्योग्रेन याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बंदुकीत उतरविला, पण त्याचा प्रसार अल्प राहिला. पुढे इटलीतील उर्बिनो येथे १९६७ साली स्थापन झालेल्या बेनेल्ली या शस्त्रकारखान्याने ब्रुनो चिवोलानी याच्या रचनेवर हे तत्त्व यशस्वी करून दाखविले. कल्पना अशी : बार उडताच संपूर्ण बंदूक मागे धक्का खाते, परंतु आतील बोल्टचा जड भाग जडत्वामुळे जागीच राहू पाहतो. त्याच्या व बोल्टच्या फिरत्या डोक्याच्या मध्ये आखूड पण ताठ कमान असते. ती या क्षणी दबते. छरा नळीबाहेर पडल्यावर कमान उलगडते, जड भाग मागे फेकला जातो, डोके फिरून कुलूप सुटते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत चढते. वायूचा दट्ट्या नाही, नळी सरकत नाही, भाग मोजके. काजळी यंत्रात फारशी शिरत नसल्याने चिखल, ओल आणि धूळ यांतही ही बंदूक दीर्घकाळ चालते, अशी तिची ख्याती पाश्चात्त्य शिकाऱ्यांत आहे. २०१२ साली ब्राउनिंगच्या नावाने जुन्या घाटाची जी नवी बंदूक निघाली, तिच्यातही सरकत्या नळीऐवजी जडत्वाचीच योजना आहे.

परंतु भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा अशा जागा याही यंत्रात आहेत, आणि आपल्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत. बंदुकीने मागे धक्का खाणे हीच तिची प्रेरणा असल्याने, काडतूस फार हलके असेल तर धक्का अपुरा पडतो. बंदुकीवर जादा वजन चढविले तर ती कमी सरकते. दस्ता भिंतीसारख्या अचल वस्तूला टेकवून झाडली तर सरकण्यास जागाच उरत नाही. या तिन्ही प्रसंगी रिकामे काडतूस नीट बाहेर पडत नाही. शिवाय बोल्ट हलक्या हाताने बंद केला किंवा बंदूक आपटली तर त्याचे फिरते डोके किंचित अपुरे बसते; मग कळ दाबता केवळ ‘खट्’ असा आवाज होतो आणि बार उडत नाही. जडत्वाच्या बंदुकीचा हा दोष शिकाऱ्यांत सर्वपरिचित आहे. रंजकेच्या भडक्याच्या जागी खटका आला, इतकाच फरक. फुसका बार नव्या यंत्रातही शिल्लक राहिला.

मराठीत ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे’ असा वाक्प्रचार आहे. जडत्वाच्या बंदुकीत खांदा हा अक्षरशः यंत्रणेचाच एक भाग होतो. तोड्याच्या काळी जो भाग हवामानाचा आणि लोहाराचा होता, तो येथे काडतुसाच्या जोराचा आणि झाडणाऱ्याच्या पवित्र्याचा आहे. पराधीनता नाहीशी झाली नाही. तिने जागा बदलली.

६

आता परभणीकडे वळू. जडत्वाची बंदूक युरोपात १९६७ नंतर पसरू लागली, आणि भारतात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. प्रथम शिकार परवान्यांनी मर्यादित झाली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार जवळजवळ संपुष्टात आली. शस्त्रांच्या कायद्यानेही मार्ग अरुंद केला. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि त्याखालील नियमांत अर्ध-स्वयंचलित बंदुका साध्या छऱ्याच्या बंदुकांपासून निराळ्या व अधिक कडक वर्गात घालण्यात आल्या. म्हणून या यंत्राच्या अवयवांना येथील बोलीत देशी नावे पडली नाहीत. ‘अर्ध-स्वयंचलित’ हा शब्द कोशातून आला आणि कागदावरच राहिला. कारण ज्याला हात लागत नाही त्याला भाषा अवयव देत नाही. वर मांडलेल्या कलाचे हे उलट दिशेने मिळणारे प्रमाण होय.

याच अधिनियमाच्या १३ व्या कलमात मात्र एक विलक्षण तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची बंदूक त्या कामास पुरी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसऱ्या छऱ्याच्या बंदुकीचा द्यावा, असा तिचा आशय आहे. म्हणजे बंदुकीच्या भरवशाचा प्रश्न, जो आपण शब्दांतून शोधीत आलो, तो कायद्याच्या मजकुरातच उभा आहे, आणि त्याचे उत्तर अधिकाऱ्याच्या खात्रीवर सोपविलेले आहे.

हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही. जायकवाडीचा डावा कालवा आणि पूर्णेवरील येलदरी धरण यांमुळे या भागात ओलीत वाढले, ऊस वाढला, आणि उसाच्या दाट आसऱ्याने रानडुकराला घर मिळाले. पूर्वी माळ्यावर बसून गोफण आणि हाकाटी यांवर राखण होई. ती आता पुरत नाही. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमान्वये पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्याविरुद्ध परवानगी देता येते, आणि रोही व रानडुक्कर यांच्याबाबत महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तशी कार्यपद्धती ठरवून दिली. परवानगी मिळाली तरी ती ज्या हत्याराने अमलात आणावयाची ते हत्यार ठासणीचे असेल, तर प्रश्न तोच उरतो. एकच बार, पुन्हा भरण्यास लागणारा वेळ, आणि दमट रात्र. फसलेला बार म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला धोका. अर्धवट लागलेला बार म्हणजे जखमी होऊन उसात शिरलेले आणि दिवसेंदिवस तडफडणारे जनावर. संरक्षणाच्या दोन्ही कायद्यांचा हेतू अशा वेळी विफल होतो. याचा अर्थ शेतकऱ्याच्या हाती अर्ध-स्वयंचलित बंदूक द्यावी असा मुळीच नाही. जेथे मारण्याची परवानगी देणे अटळ ठरते, तेथे साधनाची पर्याप्तता, वापरणाऱ्याचे कसब आणि काडतुसाचा दर्जा हेही परवानगीचेच भाग मानले पाहिजेत, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

७

अखेरीस एका शब्दाकडे लक्ष वेधतो. यंत्राच्या गुणासाठी आपण अलीकडे ‘विश्वसनीयता’ हा शब्द योजतो. त्याची घडण अशी की गुण वस्तूच्या ठायी आहे असे वाटावे. लोकभाषेतील शब्द ‘भरवसा’ हा आहे, आणि त्याचा प्रयोग निराळा होतो. ‘पावसाचा भरवसा नाही’, ‘या बंदुकीवर माझा भरवसा आहे’ : येथे कोणाचा, कशावर आणि कोणत्या प्रसंगी, हे वाक्याने सांगावे लागते. भरवसा हा दोघांमधील संबंध आहे. तोडा आणि लोहार, चकमक आणि सरकारी पुरवठा, काडतूस आणि कारखाना, जडत्व आणि खांदा, या जोड्यांतूनच बंदुकीचा इतिहास उलगडतो.

मोल्सवर्थच्या कोशापासून (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आजच्या बोलीपर्यंत या शब्दांचा पद्धतशीर मागोवा घेणे, आणि विशेषतः जिंतूर, कळमनुरी व गंगाखेड भागांतील वृद्ध राखणदार, लोहार आणि पारधी यांच्या तोंडची अवयवनामे नोंदविणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. ठासणीची बंदूक ज्यांनी स्वतः भरली अशी माणसे विरळ होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर केवळ शब्दच नव्हेत तर त्या शब्दांतील सावधगिरीही जाणार आहे.